बिनरंगाचा मिस्त्री

बळीराम मिस्त्री भेटला की आधी तुम्हाला राम राम करत नसे. आधी तो तुमच्या गाडीकडे जाई. खिशातून बोटभर लांबीचं काळं लोहचुंबक काढी, गाडीच्या दाराला लावी, हात सोडून देई आणि मान एका बाजूला कलती करून बघत राही. चुंबक चिकटून राहिलं की म्हणे, "बराबर हाय." मग कुठे तुमच्याकडे वळून, "राम राम. कवा आलात?"

एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायचं कारण नव्हतं. पण कधी कधी चुंबक दारावरून घसरून धुळीत पडे. तेव्हाही बळीराम वाकून ते उचली, शर्टाला पुशी आणि तितक्याच शांतपणे म्हणे, "बराबर हाय."

आता, चुंबक पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. आपटलेल्या गाडीच्या खड्ड्यात पुट्टी भरून वर रंग मारला की डोळ्याला काही कळत नाही, चुंबकाला कळतं. हे मला बळीरामनेच समजावून सांगितलं होतं. मग पडलेलं चुंबक उचलून "बराबर हाय" म्हणण्यात काय अर्थ? एकदा गावातल्या एका लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी मांडवापुढे उभी होती. मी फोटो काढत होतो. बळीरामने हार बाजूला सारून चुंबक लावलं, ते पडलं. दुसरीकडे लावलं, तिथेही पडलं. गाडीचा मालक जागच्या जागी पांढरा पडला. बळीराम त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बराबर हाय," आणि जेवायला गेला. मालकाने त्या दिवशी त्याला आग्रह करकरून जिलेबी वाढली.

"जर बराबरच म्हणायचं असतं, तर तपासतोस कशाला?" असं मी त्याला कितीदा तरी विचारलं. तो म्हणे, "सवय हाय."

आखाडा बाळापूरला नांदेड-हिंगोली रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. मी लोकांना "हनुवटी वर" सांगत म्हातारा झालेला माणूस. दुसऱ्याच्या भानगडीत मी पडत नाही असं मी सगळ्यांना सांगतो, आणि माझी बायको ते ऐकून हसते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी माझ्या भिंतीला लागून बळीरामने पत्र्याचं शेड टाकलं आणि वर पाटी लावली, "गाडीचे पोचे काढून मिळतील. रंग लागणार नाही."

मी पाटी वाचली आणि हा माणूस दिवाळीपर्यंत गाशा गुंडाळणार असं मनात म्हटलं. बाळापुरात तेव्हा गाड्या होत्या त्या डॉक्टरांच्या, कंत्राटं घेणाऱ्या गुत्तेदारांच्या आणि पुढाऱ्यांच्या. बाकी सगळं जीप, टेम्पो आणि बैलगाडी. गाडीला पोचा पडला तर आमच्याकडचा माणूस तो तसाच ठेवी, किंवा घण मारून, पुट्टी भरून वरून रंग मारून घेई. रंगाला हात न लावता नुसता पोचा काढायचा, ही चैन कुणाला सुचणार?

बळीरामला ती पुण्यात सुचली होती. आयटीआय करून तो तिकडे गाड्यांच्या एका कारखान्यात लागला होता. "शेवटच्या लायनीवर होतो मी," तो सांगे. "गाडी बाहीर पडायच्या आधी उजेडात धरायची. कुठं बारीक पोचा दिसला तं आतून सळई घालून कडंकडंनं दाबत आणायचा. नव्या गाडीचा रंग फोडून कसं चालंल?" तो कारखाना त्याने का सोडला हे विचारलं की तो म्हणे, "पाणी मानवलं न्हाई."

पहिल्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला. "फोटूवाले, तुमचा उजेड द्या जरा."

उजेड उसना मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याला माझा स्टँडवरचा दिवा हवा होता. त्याने एका फळीवर पांढरा रंग देऊन काळ्या रेघा ओढल्या होत्या. ती फळी गाडीजवळ धरायची, दिवा लावायचा आणि गाडीच्या अंगावर पडलेलं रेघांचं प्रतिबिंब बघायचं. जिथे पोचा असेल तिथे रेघा वाकड्या दिसत. मग तो चाकाच्या वरच्या पोकळीतून किंवा दाराच्या आतून सळई घाली आणि आतल्या बाजूने थोडं थोडं दाबत राही. रेघा सरळ झाल्या की काम झालं. वीज नसली, आणि ती बहुतेक नसेच, की तो गाडी उन्हात ढकलून नेई. ऊन सरकेल तशी गाडी सरकवावी लागे. दुपारपर्यंत गिऱ्हाईक, मी आणि शेजारचा पंक्चरवाला, सगळे गाडी ढकलायला लागलेले असत.

त्याच्या सळया म्हणजे कुणाच्या खिडकीचा गज, कुणाच्या खाटेचा दांडा, कुठल्या जीपची चाक खोलायची टॉमी. त्या तापवून, वाकवून त्याने आपल्याला हव्या तशा करून घेतल्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. एक होती लांडी. एक बोकडमान, कारण ती टोकाला बोकडाच्या मानेसारखी वळलेली होती. आणि सगळ्यांत बारीक, कुठल्याही फटीतून आत शिरणारी, ती सासू. काम करताना तो गाडीत आडवा होई आणि बाहेर फक्त पाय दिसत. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी ते पाय बघून धावत माझ्याकडे आली होती. "आवं, तिथं माणूस मरून पडलंय," म्हणाली. मी म्हटलं, तो काम करतोय. तेवढ्यात गाडीतून आवाज आला, "ऊठ राजा, ऊठ. थोडं ऱ्हायलंय." पत्र्याशी तो असंच बोले. म्हातारीचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि त्या आवाजावर तर मुळीच बसला नाही.

घाई हा शब्द त्याच्या गावी नव्हता. तळहाताएवढ्या पोच्याला अर्धा दिवस लागे. गिऱ्हाईक माझ्या बाकड्यावर येऊन बसे. बसून बसून कंटाळलं की भिंतीवरचे फोटो बघे, मग आरशात बघे, मग म्हणे, "काढा हो एक आमचा पण." बाळापूर पंचक्रोशीतल्या बहुतेक गाडीवाल्यांचे फोटो माझ्याकडे निघाले ते बळीरामच्या कृपेने, हे कबूल केलंच पाहिजे.

नियम मात्र एकच आणि तो वज्रलेप. रंग फुटलेला असला की गाडीला हात लावायचा नाही. एक गुत्तेदार नवी कोरी गाडी घेऊन आला. दाराला पोचा होता आणि पोच्याच्या कडेला नखाएवढा रंग उडाला होता.

बळीरामने बोट फिरवलं. "रंग फुटला. हे मह्या हातातून गेलं. पेंटरकडं जा."

"एवढंसं तर आहे."

"व्हय. पन फुटलाय."

"मी कोण आहे माहीत आहे का?"

"हाय ना," बळीराम म्हणाला. "तुमी ह्या गाडीचे मालक हाव." आणि तो आत जाऊन सळया पुसत बसला. गुत्तेदाराला हे अपमान म्हणून घ्यावं की उत्तर म्हणून, ते कळेना. तो माझ्याकडे आला आणि त्याने फोटो काढून घेतला.

बळीरामची बायको बाळापूरचीच, म्हणून त्याने इथे शेड टाकलं असं सगळे समजत. त्याचं गाव पुसेगाव, तिकडे सेनगाव तालुक्यात. पण तो कधी गावी जाताना दिसला नाही. सणावाराला आमचा सगळा रस्ता रिकामा होई, जो तो आपापल्या गावी जाई, आणि बळीराम शेडमध्ये सळया पुसत बसलेला असे. दसऱ्याला तर फारच विचित्र वागे. त्या दिवशी रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांना हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात. बळीराम शेड बंद करी आणि आत बसून राही. मी आपट्याची पानं घेऊन गेलो तर दार किलकिलं करून पानं घेई आणि पुन्हा दार लावी.

मग एका उन्हाळ्यात ती काळीपिवळी आली.

काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची वडाप जीप. आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. सेनगावकडची होती. तिच्यातून धोतर नेसलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक उंच माणूस उतरला. बळीरामच्या शेडसमोर जीप लावून तो सरळ माझ्या स्टुडिओत शिरला आणि बाकड्यावर बसला.

"फोटो?" मी विचारलं.

"न्हाई. त्या मिस्त्रीला सांगा, समोरच्या मडगार्डला पोचा हाय. काढायचा हाय."

"तो काय समोरच उभा आहे. सांगा की."

"तुमी सांगा."

मला वाटलं, म्हातारा थकला असेल. मी दारात जाऊन सांगितलं. बळीराम जीपकडे बघत होता. चुंबक खिशातच होतं, त्याने ते काढलं नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सांगा त्यायला," तो म्हणाला, "वखत लागंल."

"लागू द्या म्हणावं," आतून आवाज आला.

"सांगा, चाय घेता का म्हणावं."

"सांगा, घेऊन राहिलो मी इथं फोटूवाल्याकडं."

चहा मी विचारलाही नव्हता. मुकाट्याने मागवला. त्यानंतरचा सगळा दिवस मी दारात उभा राहून इकडचं तिकडे करत होतो. दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येत होतं. म्हणजे मी "तो म्हणतोय" असं सुरू करेपर्यंत दुसऱ्याचं उत्तर तयार असे, पण मी पूर्ण सांगेपर्यंत तो ते देत नसे. "सांगा, जीपचा पत्रा म्हशीच्या कातड्यावानी हाय." "सांगा, म्हाईत हाय मला." "सांगा, रंगाला धक्का लागनार न्हाई." "सांगा, म्हनून तं आनली." संध्याकाळी मडगार्ड सपाट झालं. म्हाताऱ्याने ते दुरूनच पाहिलं, जीप सुरू केली आणि गेला. जीपच्या सीटवर असलेलं भाकरीचं गाठोडं दुपारीच शेडमधल्या स्टुलावर आलं होतं. कुणी कुणाला दिली, मी पाहिलं नाही.

जीप वळणाआड गेली तरी बळीराम रस्त्याकडे बघत होता. मी चिडलो होतो. "कोण रे हा माणूस? माझा नोकर केला दोघांनी मिळून."

"दादा हायेत मपले," तो म्हणाला. "थोरले."

मग त्याने सांगितलं. बाप लवकर गेला. घरात मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू. दादाने शाळा सोडली आणि मेंढरं धरली. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला, कुठे कुठे, महिनोन् महिने पालं ठोकून राहिला आणि धाकट्याला शिकवलं, हिंगोलीला आयटीआयला घातलं. बळीराम पुण्याला कारखान्यात लागला त्या वर्षी दादाने मेंढरं विकून जुनी जीप घेतली. दसऱ्याला तिची पूजा ठेवली. सगळे सोयरे बोलावले. बळीराम रजा काढून मुद्दाम आला. कौतुकाने जीपभोवती फिरला आणि कारखान्यातल्या सवयीने खिशातलं चुंबक काढून दाराला लावलं. ते घसरलं ते खाली वहिनीच्या हातातल्या आरतीच्या ताटात पडलं.

"आन् मी बोलून गेलो," बळीराम म्हणाला. "समद्यांच्या देखत. म्हणलं, दादा, ही ठोकलेली गाडी हाय, सारी पुट्टी भरलीय, फसवलं तुमाला. मला वाटलं, लगेच कळलं तं दलालाला परत करता येईल. मी त्यांच्या भल्यासाठीच बोललो, फोटूवाले. पन सोयरे हसले ना."

पूजा झाली, सगळ्यांना जेवायला वाढलं. सोयरे गेल्यावर दादा म्हणाला, "तुला आमचं काहीच खरं दिसत न्हाई आता. मी बोलावल्याबिगर ह्या घरी येऊ नको."

त्यानंतर बोलावणं आलं नाही. पुण्यात सणाच्या दिवशी सगळे मराठवाड्यातले कामगार गाड्या भरून गावाकडे निघत आणि हा खोलीवर राही. शेवटी कारखाना सोडून इथे आला. पुसेगावला जायचं नव्हतं, पण एवढं लांबही राहवत नव्हतं. "इथून जवळ तं हाय," तो म्हणाला. "दादा एकदा 'ये' म्हणतील. तेवढंच पायजे." पडलेलं चुंबक उचलून तो सगळ्यांना "बराबर हाय" का सांगतो, ते मला त्या दिवशी समजलं. मी त्याला पुन्हा त्यावरून छेडलं नाही.

काळीपिवळी पुन्हा आली. ती पूजेतली जीप नव्हे, दादाने पुढे घेतलेली दुसरी, अख्ख्या पत्र्याची. दोन-तीन महिने झाले की येऊ लागली. कधी मडगार्ड, कधी बॉनेट, कधी मागचा पत्रा. येणं जाणं म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला वळसा. सेनगावकडचं वडाप बाळापूरला येण्याचं काही कारण नाही. आणि त्या जीपचं रूप काय वर्णावं. काच तडकलेली, आरसा तारेने बांधलेला, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, हॉर्न सोडून सगळं वाजत होतं. पण पोचा म्हणाल तर एक नाही. मराठवाड्यात इतक्या गुळगुळीत पत्र्याची काळीपिवळी दुसरी नसेल. तिला बघून इतर ड्रायव्हर हसत. मीही हसायचो, पण माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

मी मात्र बढती मिळून पूर्णवेळ दुभाषी झालो होतो. "सांगा, वहिनीचा गुडघा कसा हाय." "सांगा, बरा हाय." "सांगा, पाऊस झाला का तिकडं." "सांगा, झाला." एकदा वैतागून मी दोघांना म्हणालो, की मला काम आहे, तुम्ही बोला. तासभर नुसता सळईचा आवाज येत राहिला. मलाच ते सहन होईना. मी आपणहून दारात गेलो आणि म्हणालो, "दादा विचारतायत, चहा घेणार का." दादाने काही विचारलं नव्हतं. पण त्यानेही ते खोडून काढलं नाही.

एकदा असाच दादा गेल्यावर मी बळीरामला म्हटलं, "तुझ्या भावाला गाडी चालवता येत नाही. इतके पोचे कुणाच्या गाडीला पडतात?"

तो बराच वेळ हात पुसत राहिला. "चालवता येती त्यायला. चांगली येती."

"मग?"

"हे पोचे रस्त्यावरचे न्हाईत. दगुड लागला तं रंग फुटतो, टोक उमटतं. हे मुसळाचे हायेत. आमच्या घरचं मुसळ हाय, मह्या मायचं. एका अंगानं झिजलेलं. त्याचा पोचा एका बाजूला खोल आन् एका बाजूला उथळ पडतो. पहिल्याच बारीला वळखलं मी." त्याने हातातलं फडकं बोटाला गुंडाळून दाखवलं. "आन् मुसळाला फडकं गुंडाळून मारतेत. रंग फुटू नये म्हणून. रंग फुटला तं मी काम घेत न्हाई, हे त्यायला म्हाईत हाय."

धोतर नेसलेला तो उंच माणूस अंगणात मुसळाला फडकं गुंडाळतोय, मापात मारतोय, हे मला दिसायला लागलं. "मग विचारत काहून नाहीस?" मी म्हटलं. घाईत माझ्या तोंडूनही त्याचंच 'काहून' निघालं.

"इचारलं तं त्यायला खोटं सांगावं लागंल. मंग पुन्हा येतील का ते?"

अर्ध्या दिवसाच्या कामाला तो दादासाठी पूर्ण दिवस लावत असे, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आणि मग काळीपिवळी यायची थांबली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. बळीराम कामातून मान बाहेर काढून रस्त्याकडे बघू लागला. कुठलीही काळीपिवळी दिसली की सळई तशीच आत सोडून बाहेर येई. त्याची बायको मला म्हणाली, "ह्यायचं ध्यान न्हाई बघा कशात. ताटावर बसतेत आन् उठतेत." शेवटी सेनगावच्या एका ड्रायव्हरकडून कळलं. दादाच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, म्हणून त्याने जीप विकली. आता घरीच असतो.

"मग जा की," मी म्हणालो.

"बोलावलं न्हाई त्यायनी."

"अरे, पण आता त्यांना यायला जीप नाही."

"तेच तं," बळीराम म्हणाला. "त्यायला यायला पोचा होता. मी काय म्हणून जाऊ?"

पुढचे काही दिवस या माणसाने पुसेगावला जाण्यासाठी तिकडच्या ड्रायव्हरांना विचारत निमित्त शोधण्यात घालवले. घरी सायकल आहे का? नाही. पत्र्याची पेटी? ती वहिनीच्या माहेरी गेली. मग एका सकाळी तो स्टुडिओत आला. चेहरा उजळलेला. "फोटूवाले, कोठी हाय. धान्याची पत्र्याची कोठी. लहानपणी मी आन् दादानं तिच्यावर दगडं मारली होती. तिला पोचे हायेत."

"कोठीचे पोचे कुणी काढतं का?"

"तुमी चला संगं. तुमच्याबिगर दादा बोलनार कोनासंगं?"

हे खरं होतं. मी स्टुडिओ बंद केला. बसमध्ये त्याने सळयांची पोतडी मांडीवर घेतली होती. हिंगोलीपर्यंत तो बोलत होता, पुढे बोलला नाही. पुसेगावला उतरल्यावर त्याने दोनदा चप्पल झटकली. त्याला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होती. दाराशी गेल्यावर दादाने "काहून आला?" म्हटलं असतं तर हा माणूस तिथूनच मागे फिरला असता आणि पुन्हा कधी आला नसता.

दादा अंगणात बाजेवर बसला होता. नवं धान्य भरायच्या आधी कोठी उन्हात आडवी टाकलेली होती, आमचं नशीब. वहिनी दारात आली, बळीरामकडे बघून पदर तोंडाला लावून उभी राहिली. दादाने डोळे बारीक करून पाहिलं.

"कोन हाय?"

"मी, बाळापूरचा फोटोवाला," मी म्हणालो. "मिस्त्रीला घेऊन आलोय. कोठीचे पोचे काढायचे म्हणतो."

दादाने कोठीच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाला, "सांगा त्याला, काढ म्हणावं."

बळीराम क्षणभरही थांबला नाही. तो रांगत कोठीत शिरला, पोतडीसकट. आतून ठोकण्याचा, खरडण्याचा आवाज येऊ लागला. कोठीला रंगच नव्हता, तरी तो आत तेवढ्याच जपून काम करत असणार. दादा आवाजाकडे कान करून बसला होता. मधूनच मला म्हणे, "सांगा, आत गरम होत आसंल." मी कोठीच्या तोंडाशी वाकून सांगे. आतून घुमत उत्तर येई, "सांगा, न्हाई होत." कोठीच्या तोंडापासून बाज दोन हातांवर होती. हे असं किती दिवस चालवायचं, असा मला राग आला. त्या दोघांचा आला, आणि मध्ये उभ्या असलेल्या माझाही आला. मी असेपर्यंत हे असंच चालणार होतं.

मी उठलो. "मला जरा पान खायचंय," म्हणालो.

"फोटूवाले," कोठीतून घाबरा आवाज आला, "कुठं चालले तुमी?"

मी उत्तर दिलं नाही. गावातल्या टपरीवर गेलो, पान घेतलं, तिथल्या एका माणसाने विचारलेल्या प्रश्नांना काहीबाही उत्तरं दिली, बाळापूरची गाडी किती वाजता ते विचारलं. पान संपलं तरी बसून राहिलो. मग राहवेना म्हणून परत निघालो. वाटेत सारखं वाटत होतं, की आपण चूक केली, पोरगं तसंच कोठीत बसलं असेल आणि म्हातारा तसाच बाजेवर. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला मी मनात पोरगं म्हणत होतो, हे मागाहून ध्यानात आलं.

कुंपणाशी आलो आणि थबकलो. कोठीतला आवाज थांबला होता. वहिनीने दोन ताटं आणून बाजेजवळ ठेवली होती. दादा बाजेवरून उतरून कोठीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. मला त्याने पाहिलं नाही, त्याला एवढ्या लांबचं दिसतही नव्हतं. तो सांगायला कुणाला शोधत असावा, कारण त्याने एकदा इकडेतिकडे मान वळवली. मग कोठीत तोंड घालून म्हणाला,

"बळ्या, बाहीर ये. भाकर थंडी होऊन राहिली."

मी कुंपणाला धरून उभा होतो. मग कोठीतून फार बारीक, लहान लेकरासारखा आवाज आला, "आलो, दादा."

पण तो लगेच बाहेर आला नाही, नुसतं नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. आत काय करत होता ते मला माहीत आहे, आणि दादालाही माहीत असणार. दादाने ताटावर दुसरं ताट झाकलं आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला.

मी तसाच मागे फिरलो आणि बाळापूरच्या गाडीत एकटा बसलो.